पट्ट्याला राळ

“राळ दे व पमे, राळ दे! पट्टा सरकू राह्यला!”

गिरणीच्या धडधडीवर चढून येणारा आबांचा तो आवाज... फैजपूरला आमची पिठाची गिरणी होती. मी सात-आठ वर्षांची असेन. भुवयांवर पीठ, केसांवर पीठ आणि मांडीवर राळेचा डबा. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, मधाच्या रंगाचे ठिसूळ खडे. ते कुटून भुकटी करून ठेवायची आणि आबांनी हाक मारली की फिरत्या पट्ट्यावर चिमूटभर उडवायची. घसरणारा पट्टा लगेच चाकाला बिलगायचा. गिरणीचा सूर पुन्हा भरदार व्हायचा. आबा नुसती मान हलवायचे. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

जे निसटतं त्याला राळ लावावी, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं.

एक्याण्णव साली मी चोवीस वर्षांची होते आणि धुळ्यात अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून नव्यानं लागले होते. देवपुरात भाड्याची खोली, हाताखाली अठरा अंगणवाड्या, आणि त्या सगळ्या खेड्यापाड्यांत. मुलांची वजनं बघायची, खिचडी चाखायची, रजिस्टरवर सही करायची. एसटीच्या भरवशावर राहिले असते, तर दिवसाला एक गावही झालं नसतं. मग आबांनी स्कूटर घेऊन दिली. बिनगियरची! क्लच नाही, गियर नाही. बटण दाबा, मूठ पिळा, निघाली. धुळ्यात तेव्हा तशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या.

किल्ली देताना आबांनी ती लगेच सोडली नाही. तिचं एक टोक त्यांच्या बोटांत, एक माझ्या.

“पमे, ऐकून ठेव. रस्त्यात तीनदा बंद पडली, का बस. गाडी इकू अन् तू घरी. मंग मी दाखवीन तो पोरगा पाह्यचा.”

“तीनदाच का, आबा?”

“दोनदा मी सोसीन. तिसऱ्यांदा माही छाती नाही.” त्यांचा आवाज खाली आला. “आडरानात लेक उभी आहे अन् मी इथं दळन दळू राह्यलो... मले नाही व जमनार. अन् कार्डात खोटं लिहू नको.”

“नाही लिहिणार.”

दर रविवारी एक कार्ड टाकायचं ठरलं. रागावणार तरी कशी? धाक असता तर भांडले असते. ती काळजी होती, आणि काळजीशी भांडता येत नाही.

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती श्रावणात, खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सोमवारी.

पांझरा नदीतल्या सखल फरशीवरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. पलीकडे जायला लांबचा पूल होता, पण मला घाई. घातली गाडी पाण्यात. फरशीच्या मध्यावर काय झालं कोण जाणे... इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि गाडी जागच्या जागी. मूठ आणखी पिळली, इंजिन आणखी ओरडलं. चाक मात्र ढिम्म!

आणि मागून वाजतगाजत कानबाई आली. डफ, बँड, फुगड्या, भिजलेल्या नऊवाऱ्या. सगळ्यांत पुढं कपाळभर कुंकू लावलेल्या एक बाई, डोक्यावर कानबाई घेतलेल्या.

“आवं माय! तुन्ही गाडी आरडी राह्यनी पन हालत नही!” त्या म्हणाल्या. “बाजूले व्हय ना व, कानबाई थांबेल शे तुन्हा मांगे!”

बायका खो-खो हसल्या. मी लाजेनं लाल. बारीक भुरभुर चालू होती, म्हणून चेहऱ्यावरचं पाणी कसलं ते कुणाला कळलं नाही, एवढंच बरं.

बायकांच्या घोळक्यामागून एक जण पुढं आला. अंगात भिजलेला पांढरा शर्ट, बाह्या वर दुमडलेल्या, कपाळाला गुलाल.

“मूठ सोडा आधी,” तो म्हणाला. “आता गियर टाका.”

“गियर नाहीये.”

“तुटला?”

“नाही. मुळातच नाही.”

तो थांबला. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं.

“मंग हाई चालस कशी?”

“आत्ता तर चालतच नाहीये,” मी म्हटलं. “चालते तेव्हा पट्ट्यावर चालते.”

त्याला हसू आलं. खालचा ओठ दाताखाली धरून त्यानं ते आवरलं... आणि मी उगीचच ते पाहत राहिले.

त्यानं गाडी ढकलत काठावर नेली. नदीकडून देवपुरात चढणाऱ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, मागच्या बाजूला घर, आणि अंगणात दोन-तीन मोटारसायकली आपापली पोटं उघडून बसलेल्या. नाव अभिमन. सुरतेला सहा वर्षं काम शिकून नुकताच परतलेला. कानबाई घेतलेल्या त्या बाई म्हणजे धुरपदाबाई, त्याची आई.

त्यानं डाव्या अंगाचं झाकण उघडलं आणि आतून ओंजळभर पाणी सांडलं. झाकणाच्या आत दोन चाकं, आणि दोन्ही चाकांवरून फिरणारा काळा जाड पट्टा. भिजून गुळगुळीत झालेला. अभिमननं तो काढला आणि कोरड्या फडक्यानं पुसला, न्हाऊ घातलेलं लेकरू पुसावं तसा. मग हातानंच चाक फिरवत बसला. प्रत्येक चाक म्हणजे दोन ताटल्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या केलेल्या. पुढच्या ताटल्या जवळ आल्या की पट्टा वर चढे. त्याच वेळी मागच्या लांब होत आणि तिथं पट्टा आत उतरे.

“आयला...” तो स्वतःशीच पुटपुटला. “गियर नाही असं नाही. गियर मोजता येत नाहीत.”

“म्हणजे?”

“आमच्या गाडीत पहिला, दुसरा, तिसरा... पाय टाकला की कळतं. हिच्यात पहिला कधी सुटला आन् दुसरा कधी लागला, मालकालाबी कळणार नाही.”

“पट्ट्याचं मला शिकवू नका हं,” मी ऐटीत म्हटलं. “गिरणीत वाढलेय मी.”

“बरं, मॅडम. नाही शिकवत.” डोळे खाली, पण मिशीत काहीतरी हललं.

तेवढ्यात कानबाई बोळवून धुरपदाबाई परतल्या. हात पुसत म्हणाल्या, “चहा ले माय. रोट काही देवाव नही हां तुले. कानबाईना रोट घरनासनीच खावाना ऱ्हास.”

“पुढल्या वर्षी...” अभिमन बोलून गेला.

“पुढल्या वर्षी काय?” मी विचारलं.

“काही नाही. चहा घ्या, थंड होतो.”

चहाला वाफा येत होत्या. नैवेद्याचे रोट फक्त घरचे खातात, मग पुढल्या वर्षी... खोलीवर येईपर्यंत मी ते कोडं उलटंसुलटं करत होते. उत्तर दोनदा सापडलं आणि दोन्ही वेळा मी ते मागं सारलं.

रविवारी आबांना कार्ड टाकलं. ‘एकदा बंद पडली. पाणी शिरलं होतं. दुरुस्त झाली.’ कोणी दुरुस्त केली, ते लिहिलं नाही. खोटं नव्हतंच ते... नुसतं थोडं लहान होतं.

पण धास्ती बसली. पट्टा पुन्हा निसटला तर? आणि गिरणीवाल्याच्या लेकीला पट्टा निसटू नये म्हणून काय करतात, हे सांगावं लागतं का? देवपुरातल्या किराणा दुकानातून पुडीभर राळ आणली. शनिवारी संध्याकाळी गाडी स्टँडवर लावली, इंजिन चालू केलं, आणि पट्ट्याच्या झाकणाला वारा आत जायला जे भोक असतं त्यातून चिमूटभर भुकटी फुंकली. गाडीनं कसा झटका दिला! मी खूश. धरला पट्टा!

मग दर शनिवारी एक चिमूट.

आणि तिथून गाडी बिघडत गेली. निघताना थरथरायची. सपाटीला वाऱ्यासारखी पळायची, पण एकदा थांबली की पुन्हा निघताना म्हशीसारखी अडून बसायची. चढावर कण्हायची. जळक्या रबराचा वास यायचा. मी आपली अभिमनकडे.

“काय झालं आज?”

“कळत नाही. काल बरी होती.”

तो झाकण उघडायचा, पट्ट्याला लागलेलं काळं, चकाकतं काहीतरी नखानं खरवडायचा आणि कपाळ चोळायचा. “गियरची गाडी असती तर कानानं सांगितलं असतं कुठला दात तुटला. ही ओरडते तेव्हा चालत नाही, चालते तेव्हा ओरडत नाही. हिच्या मनातलं काही कळत नाही... अगदी...”

“अगदी काय?”

“अगदी गाडीसारखी गाडी आहे, म्हटलं.”

मी हसायची. तोही हसायचा. कोण कशाबद्दल बोलत होतं, ते दोघांनाही धड कळत नव्हतं. एखाद्या दिवशी तो माझ्याकडे मान वर करूनही पाहायचा नाही, आणि मी निघाले की रस्त्यापर्यंत येऊन उभा राहायचा. आता हे काय समजायचं? खोलीवर भात टाकताना माझ्याच तोंडात काहीबाही ओळी जुळायच्या.

पट्टा फिरे गरागरा, चाक उभे जागी बाई,
जीव माझा निघाला तो गावा कोणत्या गं जाई...

दुसऱ्यांदा गाडी बंद पडली ती भाद्रपदात, नेरच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूला कमरेएवढी कपाशी, वर रणरणतं ऊन. फाट्कन आवाज झाला आणि संपलं. पट्टा तुटला होता. एका टेंपोवाल्यानं मला आणि गाडीला देवपुरात आणून सोडलं. माझा चेहरा उन्हानं आणि काळजीनं पार उतरला होता.

“दुसऱ्यांदा,” मी स्टुलावर बसत म्हटलं.

“मोजता काय?” अभिमननं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“मोजावं लागतं. तिसऱ्यांदा रस्त्यात बंद पडली, की मी फैजपूरला परत. नोकरी बंद, गाडी बंद. आबांना शब्द दिलाय.”

त्याच्या हातातला पाना थांबला.

“परत म्हणजे... सुट्टीत?”

“परत म्हणजे परत. मग तिकडचा कुणी मुलगा बघायचा.”

अभिमन एकच बोल्ट घट्ट करत राहिला, आधीच घट्ट असलेला. मग पाठमोराच म्हणाला, “तिसऱ्यांदा होऊ देणार नाही.”

चारच दिवसांत तो नाशिकला जाऊन आला. नवा पट्टा आणला, आणि या गाडीचं एक पुस्तक. पण पुस्तक सगळं इंग्रजी.

“तुम्ही वाचा,” तो म्हणाला. “मला चित्रं कळतात. अक्षरं तुमची.”

संध्याकाळी शाळकरी मुलं घरी परतत असायची, नदीवरून गार वारा यायचा. मी स्टुलावर बसून वाचायची आणि मराठीत सांगायची. तो जमिनीवर उकिडवा, पुढ्यात सुट्या भागांची आरास. पहिल्याच पानावर एक लांबलचक शब्द आला.

“म्हंजे?”

“म्हणजे... सतत बदलत राहणारा. कुठंही पायरी नाही. हळूहळू, कळणार नाही असा बदलणारा.”

“कळणार नाही असा,” तो सावकाश म्हणाला. “पण बदलतो हे तर खरं ना?”

“पुस्तकात तसंच लिहिलंय.”

“पुस्तकाचं नाही विचारत मी.”

मी पान उलटलं. उलटायचं नव्हतं, तरी उलटलं.

पुढच्या चाकाच्या पोटात सहा गोळ्या होत्या, सुपारीएवढ्या. गाडी पळू लागली की त्या बाहेर सरकतात आणि ताटलीला ढकलतात. घासून त्या एका बाजूनं चपट्या झाल्या की गाडी अडखळते. आमच्या गोळ्या चपट्या नव्हत्या, पण कसल्याशा चिकट काळ्या थरानं माखल्या होत्या. “हे कुठून येतं?” अभिमन हैराण. “धूळ अशी चिकटत नाही.”

आणि मग ते पान आलं. मी वाचत होते, धूळ पुसावी, पाणी शिरू देऊ नये, आणि पुढची ओळ...

पट्ट्याला तेल, वंगण किंवा चिकटपणा आणणारा कोणताही पदार्थ लावू नये. पट्टा ताटल्यांमधून मोकळा वर-खाली सरकला पाहिजे.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“पुढं?” त्यानं विचारलं.

“पुढं... तेच. धूळ पुसावी.”

“ते तर आत्ता वाचलं.”

“दोनदा लिहिलंय. महत्त्वाचं असेल.”

त्यानं मान डोलावली. बिचारा! माझ्यावर एवढा विश्वास कोणी ठेवू नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ‘पट्ट्याचं मला शिकवू नका’ म्हणणारी मी, आणि मीच ती गाडी चिमटीचिमटीनं मारत होते. सांगू? कसं सांगू? उद्या सांगू... उद्या नक्की.

त्यानं सगळे भाग पेट्रोलनं धुतले, नवा पट्टा बसवला. आणि गाडी अशी चालायला लागली, अशी चालायला लागली म्हणता! रेशमाच्या लडीसारखी. थरथर नाही, वास नाही, कण्हणं नाही. शनिवार आला, मी राळेच्या पुडीला हात लावला नाही. दुसरा शनिवार आला, तरी लावला नाही.

मी खूश व्हायला हवं होतं. नोकरी वाचली होती, शब्द वाचला होता.

रोज सकाळी मी गॅरेजवरून जायची. तो हात वर करायचा, मी हात वर करायची. गाडी मात्र थांबायची नाही. कशाला थांबेल? एकदा मी मुद्दाम थांबले.

“चाकातली हवा बघा जरा.”

त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं. “भरपूर आहे, मॅडम.”

“तरी बघा.”

“दोन्ही बघितली. भरपूर आहे.” मग जरा घुटमळून, “आणखी काही... आवाज वगैरे?”

“नाही. आवाज नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला. म्हणताना चेहरा मात्र बरं झाल्यासारखा दिसला नाही. का माझ्या मनाचे खेळ होते ते? माझं काम झालं म्हणून तो सुटला होता, की मी जाते म्हणून हिरमुसला होता? विचारायचं तर काय म्हणून विचारायचं? मी अंगणवाडीतली मुख्यसेविका, तो मेकॅनिक. मी लेवा पाटलाची, तो धुळ्याकडचा. आमच्यात बोलण्यासारखं काही होतं, तर ती एक नादुरुस्त गाडी. आणि तीच त्यानं दुरुस्त करून टाकली होती!

तिसरा शनिवार आला. फळीवर राळेची पुडी होती.

मी पुस्तक वाचलं होतं. मला सगळं माहीत होतं. तरी गाडी स्टँडवर लावली, इंजिन चालू केलं. फक्त एकच चिमूट, मी मनाशी म्हटलं. जराशी कुरकुरेल, बंद नाही पडणार. जराशीच...

चिमूट कुठली, पुडी भोकावर कलंडली आणि मूठभर गेली.

सोमवारी सकाळी कुरकुर घेऊन अभिमनकडे जायचं असा बेत होता. पण रविवारी दुपारी दारात आबा उभे. दसरा तोंडावर आलेला, म्हणून केळीच्या ट्रकवर बसून पार देवपूरपर्यंत आलेले. हातात शेवेचा डबा आणि माझ्यासाठी पातळ.

“चाल, बसव मले तुह्या गाडीवर,” आबा लहान मुलाच्या हौसेनं म्हणाले. “बंद पडल्याची दोन कार्डं वाचली. आता सवारी पाहू दे.”

“आबा, पायीच जाऊ ना. चालायला किती छान...”

“गाडी आहे अन् पायी?”

काय सांगणार? बसले आबा मागं, माझ्या खांद्याला धरून. देवपुरातून उतारानं नदीकडं गेलो तोवर ठीक होतं. परतताना चढावर पुढं बैलगाडी आली, मी ब्रेक दाबला. मूठ पिळली... इंजिन घुसमटलं, गाडीला आचके बसले, झाकणाच्या भोकातून निळा धूर आला, आणि मग सगळं शांत.

आबा उतरले. मला वाटलं, रागावतील. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “तीन झाल्या व पमे.”

त्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, म्हणूनच मला रडू आलं. आम्ही दोघांनी गाडी ढकलत नेली. कुठं, ते सांगायला नको.

अभिमननं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि पळत आला. तोंडावरचा रंग उडालेला. “नवा पट्टा होता, आबा. मी माझ्या हातानं...” बोलता-बोलता त्यानं झाकण उघडलं.

आबा वाकले. त्यांनी आत बोट घातलं, पट्ट्यावरून फिरवलं, नाकाशी नेलं. तीस वर्षं गिरणी चालवलेला माणूस!

“राळ,” ते म्हणाले. “हे तं राळ आहे. राळ असून पट्टा अडला कसा?”

अभिमन क्षणभर त्या बोटाकडे पाहत राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. त्याला कळलं. सगळं, त्या एका क्षणात.

“आबा,” तो सावकाश बोलला, “तुमच्या गिरणीचा पट्टा एका जागी फिरतो, तो सरकला की नुकसान. हिचा पट्टा सरकलाच पाहिजे. गाडी पळाली की वर चढला पाहिजे, थांबली की खाली आला पाहिजे. राळ लावली की तो आहे तिथंच चिकटून बसतो. गाडी उभी राहते, पण पट्टा पळतीच्याच जागी. मग ती निघणार कशी?”

“म्हंजे गाडीत खोट नाही?”

“अजिबात नाही. धूळ-पाणी सांभाळलं तर चांगली चालेल.”

आबा ताठ उभे राहिले. “मंग ही राळ लावली कोनं?”

शेडवर चिमण्या कलकलत होत्या.

“मी,” अभिमन म्हणाला.

मी चमकून वर पाहिलं. त्याची नजर आबांवर होती, माझ्याकडे वळली नाही.

“तू? आत्ता तं एवढं शिकवलं मले, अन् तूच लावली?”

“चूक झाली. आधी माहीत नव्हतं. पुस्तक नंतर वाचलं. ह्यांची नोकरी घालवू नका, आबा. गाडी दुसऱ्या कुणाकडं द्या... माझ्याकडं नका आणू.”

मागच्या दारातून धुरपदाबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या, त्या तिथंच थबकल्या. “राळ? आन् तू? काय बोली राह्यना रे! आपला घरमा राळ व्हती कधी?”

“माय, तू गप ऱ्हाय ना...”

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, धुरपदाबाईंकडे पाहिलं. गोंधळून कपाळावरची टोपी मागं सारली. मग सुस्कारा टाकला. “जाऊ द्या. ज्याच्या हातावर भरोसा नाही, त्याच्या गावात लेक ठेवून काय करू? चाल पमे. सामान बांध.”

अभिमन खाली मान घालून फडक्यानं हात पुसत होता. पुसून स्वच्छ झालेले हात पुन्हा पुसत होता. या माणसानं माझ्या गाडीसाठी नाशिकची वारी केली, तीन संध्याकाळी काळे हात करून घेतले, आणि आता माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन उभा होता. मी गप्प राहिले तर देवपुरात उद्या सगळे म्हणतील, ह्याला गाडीतलं कळत नाही. आणि मी फैजपूरच्या बसमध्ये खिडकीशी बसलेली असेन.

आबा रस्त्याला लागले होते.

“आबा, थांबा.”

ते वळले.

मी अभिमनशी, अगदी आबांशीही आजवर नीटस, पुस्तकी मराठीत बोलत आले होते. आता मात्र तोंडातून घरचीच बोली आली. “राळ यायनं नाही लावली. म्या लावली. श्रावनापासून लावू राह्यली. गिरनीत लावतो तशी.”

“तुले कुठून माहीत असनार व, पोरी?” आबांचा चेहरा एकदम मऊ झाला. “न कळता झालं...”

“न कळता नाही, आबा.” आता मागं फिरणं नव्हतं. “पह्यले नव्हतं माहीत. मंग पुस्तकात वाचलं, अन् यायच्यापासून ती ओळ लपवली. काल जी टाकली ती माहीत असून टाकली. तीनदा झालं का घरी जा लागीन, हे बी माहीत होतं.”

“मंग टाकली कायले?”

अभिमनच्या हातातलं फडकं थांबलं.

“गाडी बरी झाली होती, आबा... मंग मी इथं कोनत्या निमित्तानं आली असती?” मी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी चपलांकडे नाही, सरळ त्याच्याकडे. “मले गाडी नीट नव्हती करायची. मले हा मानूस पाह्यजे.”